दिनू लिपातीची अखेरची मैफल

पियानोच्या तारेवर हातोडी पडतांच स्वर उमटतो आणि लागलीच विरूं लागतो. वादकास तो मागाहून सांवरतां येत नाहीं. म्हणून बोटांतील दुर्बलता तेथें लपत नाहीं.

१६ सप्टेंबर १९५० रोजीं फ्रान्समधील बझांसाँ येथें रुमानियन वादक दिनू लिपाती डॉक्टरांची मनाई असतांही वाजवावयास बसला. वय अवघें ३३. देह हॉजकिनच्या व्याधीनें पोखरलेला. शोपँच्या १४ वॉल्ट्झ-रचनांपैकीं १३ झाल्या. चौदावीसाठीं त्राण उरलें नाहीं. तेव्हां बाखची एक प्रार्थना वाजवून त्यानें श्रोत्यांचा निरोप घेतला. २ डिसेंबर रोजीं तो निवर्तला.

त्या मैफलीचें ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळतें. त्यांत आजाराची खूण शोधूं जावें, तर स्वर निर्मळ, लय स्थिर. ती खूण आढळते केवळ तेराव्या रचनेनंतरच्या शांततेंत.