सिकलसेल वाहक भावंडाचे कोडे
सिकलसेल वाहक भावंडाचे कोडे हे सशर्त संभाव्यतेचे, म्हणजे नवी माहिती मिळताच बदलणाऱ्या संभाव्यतेचे, उदाहरण आहे. आई व वडील दोघेही सिकलसेल आजाराचे वाहक आहेत. त्यांचे एक अपत्य रुग्ण, तर दुसरे निरोगी आहे. हे निरोगी अपत्य वाहक असण्याची संभाव्यता किती? १/२ हे उत्तर सहज सुचते; परंतु अचूक उत्तर २/३ आहे.

स्पष्टीकरण
अपत्याला आई व वडील यांच्याकडून प्रत्येकी एक जनुक मिळते. सामान्य जनुक ‘ए’ आणि सदोष जनुक ‘एस’ मानल्यास एए, एएस, एसए व एसएस या चार शक्यता समसमान असतात. त्यांपैकी एसएस म्हणजे रुग्ण. अपत्य निरोगी असल्याने ही शक्यता बाद होते. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोहोंमध्ये ते वाहक ठरते. जन्मापूर्वी, आरोग्याची माहिती नसताना, हीच संभाव्यता २/४ म्हणजे १/२ असते.

महत्त्व
महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर इत्यादी जिल्ह्यांत हा आजार आढळतो. वाहकास सहसा लक्षणे नसतात. अशा भावंडाचा विवाह वाहक व्यक्तीशी झाल्यास त्यांचे पहिले अपत्य रुग्ण असण्याची संभाव्यता २/३ × १/४ = १/६ येते; १/२ गृहीत धरल्यास ती १/८ इतकी कमी भासते. रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने वाहकत्व निश्चित होते. त्यानंतर ही संभाव्यता शून्य किंवा १/४ ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात म्हणूनच तपासणीसोबत विवाहपूर्व समुपदेशनावर भर आहे.