लखनौची विजय सुपर, पुण्याची चेतक आणि तोलाची गोष्ट

गाडी घेताना आपण काय विचारतो? ॲव्हरेज किती, किंमत किती, सर्व्हिसिंग कुठे. एक प्रश्न मात्र आपण शोरूममध्ये कधीच विचारत नाही : या गाडीचं वजन नेमकं कुठे आहे? गाडी हातात कशी बसते, वळणावर भरवशाची वाटते की नाही, चालवताना मजा येते की खांदे दुखतात, हे बरंचसं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. आजची गोष्ट त्याचीच आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला लखनौला जायचं आहे.

पण आधी थोडं इटलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे दोन स्कूटर जन्मल्या. १९४६ मध्ये पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आणि १९४७ मध्ये मिलानच्या इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा. व्हेस्पाचा आराखडा कोरादिनो दास्कानियो या विमान आणि हेलिकॉप्टरच्या अभियंत्याचा. त्यांना मोटरसायकलची तेलकट चेन नको होती, पंक्चर झाल्यावर चाक बदलायची कटकट नको होती. म्हणून त्यांनी इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, चाकाला थेट जोडून बसवलं. चेन गेली, चाक मोटारीसारखं एका बाजूने काढता येऊ लागलं. पण इंजिनाचं सगळं वजन एका अंगाला आलं.

लँब्रेटाने उलट केलं. लोखंडी नळीची चॅसी आणि इंजिन सीटखाली, मधोमध, मागच्या चाकाच्या पुढे. दोन चाकांमधलं अंतरही थोडं जास्त. पुढे चेन आली, पण ती तेल भरलेल्या बंद कप्प्यात.

याने काय फरक पडतो? दुचाकी सरळ चालायची तर गाडी आणि चालक मिळून जो गुरुत्वमध्य तयार होतो, तो दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर हवा. इंजिन उजवीकडे असेल तर गाडी उजवीकडे झुकू पाहते आणि चालक नकळत अंग डावीकडे टाकतो. पत्र्याच्या चेतकवर वर्षानुवर्षं बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शरीराला त्याची सवय होऊन जाते. शिवाय वजन बरंच मागे, त्यामुळे पुढचं चाक हलकं. मागे माणूस बसला, सिलिंडर बांधला, की हँडल आणखी हलकं. लँब्रेटात इंजिन मध्यरेषेवर आणि जरा पुढे असल्याने गाडी डावीकडे-उजवीकडे सारखीच वळते आणि सरळ रस्त्यावर शांत धावते.

आता भारतात येऊ. या दोन्ही घराण्यांनी महाराष्ट्रात घर केलं. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लँब्रेटा बनवत होती; तीच पुढे लँबी झाली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज व्हेस्पा बनवत होती. परवान्याचा करार संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची चेतक आली.

तिकडे इटलीत लोक स्कूटर सोडून छोट्या मोटारींकडे वळले होते. १९७१ मध्ये इनोसेंटीने लँब्रेटाचं उत्पादन थांबवलं. आपल्या केंद्र सरकारने यंत्रसामग्री, आराखडे, हक्क असं सगळंच विकत घेतलं. सप्टेंबर १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मिलानची यंत्रं लखनौच्या कानपूर रोडवरच्या कारखान्यात उभी राहिली. १९७५ पासून तिथून देशासाठी विजय सुपर आणि परदेशासाठी लँब्रेटा बाहेर पडू लागली. म्हणजे जगातली एक उत्तम तोलाची स्कूटर आता लखनौची होती.

मग ती जिंकली का? नाही. लोक रांग लावून, वर्षानुवर्षं नंबर येण्याची वाट बघत राहिले ते चेतकसाठी. कारण तोल चालवताना कळतो, पण गाडी सांभाळायची असते रोज. चेतकचा उजवा पत्रा काढला की इंजिन समोर. चेन नाही. सुटे भाग गल्लोगल्ली आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती तोंडपाठ. माणसाने वाकड्या तोलाशी जुळवून घेतलं, कारण बाकी सगळं सोपं होतं. पुढे १९८४ ला बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १००. १९९७ मध्ये लखनौच्या कारखान्याने दुचाकी बंद केली.

उरली ती तीनचाकी विक्रम. तिथेही प्रश्न वजनाचाच. पुढे एक चाक, मागे दोन. जमिनीवर त्रिकोण झाला. गुरुत्वमध्य मागच्या रुंद बाजूकडे असेल तोवर गाडी भक्कम. ड्रायव्हरने आपल्या शेजारी जास्तीच्या सवाऱ्या कोंबल्या की वजन निमुळत्या टोकाकडे सरकतं, आणि वळणावर जोरात ब्रेक दाबला तर आतलं चाक उचलायला वेळ लागत नाही. स्कूटरवर वजनाची जागा मजा ठरवते, तीनचाकीत ती सवाऱ्यांचा जीव ठरवते.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करायला मंजुरी दिली. एक कारखाना मिटला.

आणि इतिहासाची गंमत बघा. चेतक हे नाव आता विजेच्या स्कूटरवर आहे. २०२४ च्या अखेरीस बजाजने जी नवी चेतक मालिका आणली, तिच्यात सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, पाय ठेवायच्या फळीखाली आहे : खाली आणि मधोमध. वजन मध्ये ठेवायचा जो हट्ट लँब्रेटाने धरला होता, तिथेच तिच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचं नावही येऊन पोहोचलं.

तेव्हा पुढची गाडी घ्याल तेव्हा आकड्यांचा कागद बाजूला ठेवा. स्टँडवरून काढा, सावकाश डावीकडे वळवा, मग उजवीकडे. मागे कुणाला तरी बसवून परत तेच करा. दोन्हीकडे सारखंच सोपं वाटलं, तर वजन योग्य जागी आहे असं समजा.

भेटूया पुढच्या भागात.