क्योतोचा फुलोरा आणि हिवाळ्याची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरांतील रुमाल येतात. जपानातील क्योतो नगरीत मात्र चेरीचे झाड बाराशे वर्षे साक्ष देत आले आहे. त्या त्या वर्षी हवा कशी होती, एवढेच ते सांगते; पण ते सांगणारे दुसरे साधन जगात क्वचितच सापडेल.

क्योतो इ. स. ७९४ मध्ये राजधानी झाले. ८१२ मध्ये सम्राट सागा याने शिन्सेन-एन या उद्यानात फुले पाहण्याचा समारंभ केला आणि ‘निहोन कोकी’ या राजवृत्तांताने त्याची तिथी नोंदविली: दुसऱ्या महिन्याचा बारावा दिवस. पुढे दरबारी सरदारांनी आणि बौद्ध भिक्षूंनी आपापल्या रोजनिश्यांत बहर केव्हा आला, मेजवानीस कोण होते, हे टिपून ठेवले. हवामानशास्त्र त्यांच्या स्वप्नातही नव्हते. म्हणूनच त्यांच्या शब्दावर विसंबता येते.

अर्थात साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. १८७३ पूर्वीचे जपानी पंचांग आपल्यासारखेच अधिक मास धरणारे. तेव्हा तिथी-तारखांचा मेळ घालण्याची कसरत तिथेही चुकत नाही. शिवाय मेजवानीचा दिवस तोच पूर्ण बहराचा दिवस, असे थोडेच आहे! तोयोतोमी हिदेयोशी याने २० एप्रिल १५९८ रोजी दाइगोच्या मंदिरात थाटाचा पुष्पोत्सव केला. त्यासाठी शेकडो झाडे आणवून मुद्दाम लावून घेतली. अशा हौशी सत्ताधीशाचा मुहूर्त फुलांनी ठरविला की कारभाऱ्यांनी, हे पारखून घ्यावे लागते. अराकावा यांनी १९५६ मध्ये या तारखांवर निबंध लिहिला. पुढे ओसाकाचे यासुयुकी आओनो यांनी जुन्या रोजनिश्या चाळून ही सनावळी पुष्कळच भरून काढली.

तीत १३२३ साली पूर्ण बहर थेट ४ मे रोजी आलेला दिसतो, तर १४०९ साली २७ मार्चलाच. हा १४०९ चा उच्चांक सहाशे वर्षे टिकला. २०२१ साली तो मोडला. त्या वर्षी २६ मार्चलाच झाडे पूर्ण फुलली. एकोणिसाव्या शतकात एप्रिलच्या मध्याला येणारा बहर आता एप्रिलच्या आरंभी येऊ लागला आहे.

यावरून वसंत तापला, हे खरे. पण हिवाळ्याचे काय?

चेरीची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते आणि शरदात झोपी जाते. तिची झोप मोडावयास आधी कित्येक आठवडे थंडी लागते, आणि झोप मोडल्यावर उमलावयास ऊब. (मोहोराला थंडीचा चटका लागतो, हे कोकणातल्या आंबा बागाइतदाराला सांगावयास नको.) टोकियोत एक ठोकताळा आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करीत जावे, ती सहाशे अंशांच्या घरात पोचली की फुले उमलतात. हा हिशोब सारा उबेचा. थंडीचे देणे आधीच चुकते झाले आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते.

क्योतोची सनावळीही याच गृहीतावर उभी आहे. तिथला हिवाळा नेहमीच पुरेसा थंड. तेव्हा बहराची तारीख म्हणजे मार्चच्या उबेची तारीख. डिसेंबर-जानेवारीविषयी ती जवळजवळ मुकी आहे. हिवाळ्याची साक्ष हवी तर सुवा सरोवराकडे जावे. त्याच्या गोठण्याची आणि बर्फावर उठणाऱ्या वरंब्यांची नोंद १४४३ पासून तिथल्या पुजाऱ्यांनी ठेवली आहे. अलीकडे ते सरोवर पुष्कळदा गोठतच नाही.

जपानच्या दक्षिण टोकाकडील कागोशिमा टोकियोहून उबदार. फुले तिथे आधी यावीत. पण २०२० साली टोकियोत १४ मार्चला, तोवरच्या नोंदींत सर्वांत लवकर, पहिली फुले उमलली, आणि कागोशिमाची झाडे मात्र मागाहून फुलली. झाडे निराळ्या जातीची म्हणावीत, तर दोन्हीकडे ‘सोमेई योशिनो’ची कलमेच. थंडी अपुरी पडली की कळ्या झोपूनच राहतात. क्योतोच्या जुन्या नोंदी बहुतांशी रानचेरीच्या आहेत, पण थंडीची गरज तिलाही आहे. उद्या तिथला हिवाळा इतका सौम्य झाला, तर उशिरा आलेल्या बहराचा अर्थ गार मार्च लावावा की उबदार जानेवारी, हे केवळ फुलाकडे पाहून संशोधकाला ठरविता येणार नाही.