बोरीबंदरच्या गर्दींतील वाट

१६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, तेव्हां तींत सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे होते. १४ डबे, ३ एंजिनें आणि वर २१ तोफांची सलामी! त्या दिवशीं 'माझी गाडी कोणती?' असें विचारण्याची पाळी कोणावरहि आली नाहीं, कारण गाडी एकच होती. हा प्रश्न पुढें उत्पन्न झाला. आणि मोठ्या शहरांतील स्टेशनाचा खरा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

बोरीबंदरावरील भव्य इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें आंखली. बांधकामास १८७८ मध्यें आरंभ झाला आणि १८८७ मध्यें राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस हें नांव मिळालें. घुमटावर प्रगतीची मूर्ति, दारापाशीं सिंह आणि वाघ! देशावरून आलेला उतारू हें वैभव पाहून थक्क होई. परंतु डोक्यावर बोचकें व कडेवर मूल घेतलेल्या त्या माणसाला तिकीट कोठें मिळेल आणि फलाट कोणता, हें कांहीं त्या मूर्ति सांगत नसत.

पहिली अडचण वेळेचीच होती. १९०६ पूर्वीं हिंदुस्थानांतील रेल्वे सामान्यतः मद्रासची वेळ पाळीत आणि ती मुंबईच्या वेळेहून अर्धा तास पुढें असे. शहरांत साडेअकरा वाजत, तेव्हां रेल्वेच्या हिशेबानें बारा झालेले असत. गांवच्या घड्याळावर विसंबलेल्या उतारूला आपली गाडी निघून गेलेली आढळावी, यांत नवल नव्हतें. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली व रेल्वेनें ती स्वीकारली. तरीहि मुंबई शहरानें आपली निराळी वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं.

दुसरी अडचण वर्गाची. प्रवासी वाहतुकीचें बहुतेक उत्पन्न तिसऱ्या वर्गाचे उतारू देत. सोयी मात्र त्यांच्याच वांट्याला सर्वांत थोड्या येत. सप्टेंबर १९१७ मध्यें महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानें गेले व त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं पत्र लिहून प्रसिद्ध केली. २२ उतारूंसाठीं असलेल्या डब्यांत वाटेंतील बराच काळ ३५ हून कमी माणसें नव्हतीं, असें त्यांनीं नमूद केलें. गर्दी उतारूंच्या अडाणीपणामुळें होते, असें म्हणणाऱ्यांना हें उत्तर होतें. जागाच अपुरी असेल, तर शहाणा माणूसहि धक्केच खाणार. पुढें १९७४ मध्यें तिसरा वर्ग नांवानें नाहींसा झाला; गर्दी नाहींशी झाली नाहीं.

तिसरी अडचण उपनगरांच्या वाढीनें आणली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं येथून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली, आणि एकाच छपराखालीं दोन निरनिराळ्या गर्द्या नांदूं लागल्या. रोजचा चाकरमान्या कोणाला न विचारतां भराभर चालतो. दूरचा उतारू पावलोपावलीं थबकतो, पाट्या वाचतो, हमालाला विचारतो. एकाची घाई व दुसऱ्याचा गोंधळ यांची टक्कर होऊं नये, म्हणूनच १८ फलाटांपैकीं पहिले ७ उपनगरी गाड्यांना व उरलेले ११ लांबच्या गाड्यांना, अशी वांटणी झाली. नवख्या माणसानें एवढी एक खूण ध्यानांत ठेवली, तरी त्याचें निम्में काम झालें.

१९९६ मध्यें स्टेशनाला छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव मिळालें, २००४ मध्यें ही इमारत जागतिक वारसा ठरली. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. तथापि स्टेशनाचा मोठेपणा केवळ घुमटाच्या उंचीवरून मापतां येत नाहीं. अक्षरओळख नसलेली एखादी म्हातारी प्रथमच शहरांत येते आणि कोणाचे हातपाय न जोडतां आपल्या डब्यापर्यंत पोंचते, त्या दिवशीं १८५३ पासून विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचें उत्तर पुरें झालें, असें समजावें.