कस्टम मोटारसायकल

कारखान्यातून आलेली गाडी उघडून, कापून, जोडून एका मालकासाठी किंवा एका ठरावीक कल्पनेनुसार पुन्हा घडवली, की तिला कस्टम मोटारसायकल म्हणतात. नवा रंग दिला, बाजारातून आणलेले आरसे नि क्रॅशगार्ड लावले, एवढ्याने गाडी कस्टम होत नाही. चॅसिस, टाकी, चाके, हँडल, बसण्याची पद्धत यांपैकी काहीतरी मुळातून बदललेले असावे लागते. गॅरेजच्या बोलीत या सगळ्याला सरसकट ‘मॉडिफाय करणे’ म्हणतात. जुनी गाडी मूळ रूपात परत आणण्याचे काम, म्हणजे रिस्टोरेशन, याच्या नेमके उलटे. पण दोन्हींचे कारागीर पुष्कळदा तेच असतात.

या कलेची सुरुवात झाली ती काढून टाकण्यापासून. अमेरिकेत १९३०च्या दशकात हौशी चालक शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करू लागले. जड हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढायचे, मागचे आखूड कापायचे, नको असलेले लोखंड उतरवायचे. घोड्याची शेपटी आखूड करण्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून या गाड्यांना ‘बॉबर’ नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्रांचे कसब होते. बॉबरचा प्रसार तेव्हा झाला. बॉबरच्या मालकाला वजन कमी आणि वेग जास्त हवा होता. दिसण्याचा विचार त्यामागून आला.

‘चॉपर’मध्ये हा क्रम उलटला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात कॅलिफोर्नियात चॅसिसची मान कापून पुढचा फोर्क लांब आणि तिरका करण्याची पद्धत रूढ झाली. त्याला उंच हँडल, मागे उंच पाठटेका, थेंबासारखी छोटी टाकी आणि मागच्या शॉकअपविना ताठ चॅसिस यांची जोड मिळाली. या रूपाला जगभर पोहोचवले ते १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने. पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर यांनी त्यात चालवलेल्या गाड्या लॉस एंजेलिसमधील क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी, पोलिसांच्या लिलावातून आणलेल्या जुन्या हार्लेंवरून घडवल्या होत्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती आणि पुढची कित्येक दशके ती जाणकारांनाही ठाऊक नव्हती. अमेरिकी झेंड्याच्या रंगांची ‘कॅप्टन अमेरिका’ मात्र जगातील सर्वांत ओळखीची मोटारसायकल ठरली. चित्रीकरणासाठी बनवलेल्यांपैकी एक गाडी चित्रपटातच नष्ट झाली, बाकीच्या तो पडद्यावर येण्याआधी चोरीला गेल्या. चित्रपटातली म्हणून सांगितली जाणारी एक गाडी २०१४ मध्ये लिलावाला आली, तेव्हा तिच्या अस्सलपणावरून वाद झाला. कस्टम गाडीचे सुटे भाग कायम बदलत राहतात. त्यामुळे ‘मूळ गाडी कोणती’ हा प्रश्न या क्षेत्रात नेहमीच अवघड असतो.

ब्रिटनमध्ये वेगळे वळण लागले. तिथल्या तरुणांना ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठायचा होता. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या ‘एस कॅफे’सारख्या, रात्रभर उघड्या असणाऱ्या चहाच्या अड्ड्यांवर ते जमत. १९३८ साली सुरू झालेले एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडले आणि २००१ मध्ये पुन्हा उघडले. या तरुणांनी वेगासाठी बदललेल्या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ म्हणतात. हँडल खाली उतरवून थेट फोर्कला जोडलेले, पायटेके मागे सरकवलेले, टाकी लांब, सीट एकट्यापुरती, आणि चालक टाकीवर ओणवा. ज्यूकबॉक्सवरचे गाणे संपायच्या आत पुढच्या चौकाला वळसा घालून परत यायचे, ही कथा सगळे सांगतात; ती कथा म्हणूनच घ्यावी.

कॅफे रेसरमधली सर्वांत नावाजलेली ‘ट्रायटन’. तिचा जन्म एका व्यापारी अडचणीतून झाला. नॉर्टन कंपनीची ‘फेदरबेड’ चॅसिस, जी बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रचली आणि १९५० मध्ये शर्यतीत उतरली, वळणावर कमालीची स्थिर होती. ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे, पण कंपनी ते सुटे विकत नसे. मग ते अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. त्या सांगाड्यात ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवले की ट्रायटन तयार. रॉयल एनफील्डने १९६४ मध्ये २५० सीसीची ‘कॉन्टिनेन्टल जीटी’ आणली, ती याच थाटाची कारखान्यात बनलेली गाडी होती. हे नाव पुढे २०१३ मध्ये ५३५ सीसीच्या आणि २०१८ मध्ये ६५० सीसीच्या गाडीला पुन्हा दिले गेले.

जपानमध्ये शिन्या किमुरा यांनी १९९२ मध्ये ओकाझाकी येथे ‘झीरो इंजिनीअरिंग’ सुरू केले. जुन्या हार्लेंवर त्यांनी केलेल्या कामात चकाकीऐवजी कच्च्या, रापलेल्या धातूला मान होता. युरोपात बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये ‘आर नाइन-टी’ काढली. तिच्या चॅसिसचा मागचा भाग बोल्ट काढून वेगळा करता येतो. गिऱ्हाईक गाडी बदलणार हे धरूनच ती आखलेली आहे.

कस्टम गाडीत दिसणाऱ्या बदलांपेक्षा न दिसणारी भूमिती महत्त्वाची असते. हँडल ज्या अक्षावर फिरते तो उभ्या रेषेपासून जितका तिरका, तो कोन ‘रेक’. हा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे मिळतो, तिथून टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ‘ट्रेल’. ऑफिसच्या खुर्चीचे छोटे चाक ढकलल्यावर दांड्याच्या मागे जाऊन आपोआप सरळ होते; मोटारसायकलमध्ये हेच काम ट्रेल करते. पुढच्या चाकाची त्रिज्या ३०५ मिलिमीटर, फोर्क अक्षाच्या पुढे ६० मिलिमीटर आणि रेक २७ अंश धरला, तर ट्रेल सुमारे ८८ मिलिमीटर येतो. बाकी काही न बदलता रेक ४२ अंश केला, की तो १९० मिलिमीटरच्या वर जातो. अशी गाडी हायवेवर रुळावरून जावी तशी सरळ पळते. गल्लीत वळवताना मात्र हँडल एका बाजूला कोसळू पाहते आणि ते हातांनी उचलून धरावे लागते. यावर उपाय म्हणजे फोर्क धरणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्याच काही अंश तिरक्या बनवणे. त्याने फोर्क लांब दिसतो, ट्रेल आटोक्यात राहतो. मान तशीच ठेवून नुसता लांब फोर्क घातला तर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि न मागता रेकही वाढतो. हौशी चॉपरमध्ये ही चूक सर्वांत जास्त दिसते.

बांधणीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. गाडी पूर्ण उघडून नागडी चॅसिस टेबलावर घट्ट बांधतात. मग इंजिन, चाके, टाकी तात्पुरती टेकवून, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने सीट व मडगार्डचे आकार जुळवतात. या टप्प्याला ‘मॉकअप’ म्हणतात आणि चांगला कारागीर इथे घाई करत नाही. त्यानंतर नको असलेले ब्रॅकेट ग्राइंडरने उडवणे, मागची चौकट आखूड करून तिला वाकवलेल्या पाइपचा वळसा जोडणे, मागचे चाक धरणारा चिमटा लांब किंवा रुंद करणे, ही कामे येतात. मागचा टायर रुंद केला की चेन त्याला घासते. मग चेनचक्र बाहेर सरकवावे लागते, तेवढेच पुढचेही. चेनची रेष एक-दोन मिलिमीटर चुकली तरी दाते एका बाजूने झिजतात.

टाकीचे काम वेगळ्या जोखमीचे. पेट्रोल काढलेल्या टाकीत वाफ उरते आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर टाकी फुटते. म्हणून ती आधी धुऊन काढतात, जोडताना शक्य तेवढी पाण्याने भरलेली ठेवतात, आणि काम झाल्यावर थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवतात. बुडबुडा आला तिथे गळती. पत्राकामाचा दर्जा रंगाखाली लपतो. हातोडी आणि डॉलीने पत्रा सरळ करण्याऐवजी पुट्टीचे थर चढवले तरी रंग झाल्यावर दोन्ही टाक्या सारख्याच गुळगुळीत दिसतात. जाणकार गिऱ्हाईक खिशातून छोटे लोहचुंबक काढून टाकीवरून फिरवतो. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टी जाड.

इंजिनाला हात लावला नाही तरी त्याचे वागणे बदलते. मोठा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवला की हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढेच राहते. इंजिन तापते, सायलेन्सर फटफटतो आणि स्पार्क प्लगचे टोक तपकिरी न राहता पांढरे पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मोठा जेट घालून हे सुधारता येत असे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि जवळजवळ सगळ्याच गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. तेव्हापासून या कामाला स्क्रू-ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप लागतो.

भारतात या छंदाचा पाया बुलेटने घातला. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि पुढची पन्नासेक वर्षे गाडीची रचना मुळात फारशी बदलली नाही. एकच मोठा सिलिंडर, गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळी, नळ्यांची साधी चौकट आणि तालुक्याच्या गावीही मिळणारे सुटे भाग. अशी गाडी खोलायला सोपी आणि चुका पोटात घालणारी असते. दिल्लीचे करोलबाग, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ या बाजारांवर हा व्यवहार उभा राहिला. बुलेटखालोखाल यामाहा आरएक्स १००, जावा-येझदी यांच्यावर हात चालवला जातो, पण तिथे ओढा रिस्टोरेशनकडे जास्त. व्यवसाय म्हणून नाव कमावलेल्यांत मुंबईचे अक्षय वर्दे यांची ‘वर्देंची’ आणि जयपूरचे विजय सिंह यांची ‘राजपुताना कस्टम्स’ ही आधीच्या पिढीतली. षष्ठीचा प्रत्यय मिरवणारे ‘वर्देंची’ हे नाव मराठी वाचकाला लगेच कळते, परप्रांतीयाला ते इटालियन वाटते. गोव्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया बाइक वीक’मध्ये अशा गाड्या मांडल्या जातात.

गाडी घडली की ती दाखवणे हा या छंदाचा अर्धा भाग. अमेरिकेत एड रॉथ यांनी १९६७ मध्ये चॉपरचे मासिक काढले आणि १९७१ मध्ये ‘ईझीरायडर्स’ निघाले. २००० नंतर ‘अमेरिकन चॉपर’सारख्या दूरचित्रवाणी मालिकांनी वर्कशॉप घराघरांत नेले, त्यात वेल्डिंगपेक्षा बापलेकांची भांडणे अधिक होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बाइक एक्झिफ’ या संकेतस्थळापासून छायाचित्र हीच गाडीची मुख्य ओळख बनली. त्याचे परिणाम बांधणीवरही झाले. वायरी आणि ब्रेकच्या नळ्या नजरेआड करण्याचा आग्रह वाढला, सीट इतकी पातळ झाली की तासाभरात उतरावेसे वाटते, आणि मडगार्ड अजिबात नसलेल्या गाड्या निघाल्या, ज्या पावसाळ्यात चालकाच्या पाठीवर चिखलाची उभी पट्टी काढतात. कामाच्या टप्प्याटप्प्यांची छायाचित्रे देणारे कारागीर अधिक विश्वासाचे. उघड्या वेल्डचा फोटो रंग चढण्याआधीच घ्यावा लागतो.

भारतीय कायदा या कलेला फारशी जागा देत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रंग बदलला तर त्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. आवाजासाठी १७५ सीसीवरील दुचाकींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. पोलिसांनी जप्त केलेले फटफटे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. चॅसिस क्रमांक बहुतेक गाड्यांवर मानेच्या नळीवरच ठोकलेला असतो, म्हणजे रेक बदलण्यासाठी जिथे करवत लागते त्याच्या बोटभर अंतरावर. काप मागून घेऊन क्रमांक शाबूत ठेवला तरी बदल बेकायदाच ठरतो. क्रमांकाला धक्का लागला तर ती गाडी चोरीची नाही हे सिद्ध करणेही मालकावर येते. म्हणून खऱ्या अर्थाने कापलेली चॉपर भारतात प्रदर्शनाला ट्रकमधून येते आणि ट्रकमधूनच परत जाते.