मुक्त संचार कुक्कुटपालन

मुक्त संचार कुक्कुटपालन म्हणजे कोंबड्यांना दिवसा परसात, शेतात किंवा कुरणात मोकळे सोडून रात्री खुराड्यात ठेवण्याची पद्धत होय. धाराशिव जिल्ह्यासह मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ती पूर्वापार प्रचलित आहे.

पर्यावरणीय परिणाम

कोंबड्या किडे, अळ्या, तणांचे बी व सांडलेले धान्य खातात. त्यामुळे खाद्याचा खर्च घटतो. विष्ठेतून जमिनीस नत्र व स्फुरद मिळते. मात्र एकाच जागी फार पक्षी राहिल्यास गवत नष्ट होते आणि पावसाबरोबर नत्र विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. म्हणून चरण्याची जागा पाळीपाळीने बदलतात.

सुरक्षितता

मोकळ्या कोंबड्यांचा वन्य पक्ष्यांशी संपर्क येत असल्याने त्यांना बर्ड फ्लूचा धोका असतो. बंदिस्त पालनही त्यापासून पूर्णतः मुक्त नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे एका कुक्कुटपालन केंद्रातील शेकडो कोंबड्या या रोगाने दगावल्या. त्यानंतर १ किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट करण्याचा आदेश निघाला. अशा कारवाईतून परसातील निरोगी कोंबड्याही सुटत नाहीत. त्यामुळे दाणा-पाणी छपराखाली ठेवणे, मानमोडीची लस वेळेवर देणे, अचानक मरतूक झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवणे आणि अंडी व मांस पूर्ण शिजवून खाणे आवश्यक ठरते.