लहान रिअल इस्टेट व्यवसायाला ऑफिस लागतंच का? कायदा काय सांगतो आणि धाराशिव जिल्ह्यात गणित कसं बसतं

फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तुळजापूर रोडला प्लॉट विक्रीस’, ‘हायवे टच तीन एकर’ अशा पोस्ट रोज दिसतात. त्यांतल्या अनेक पोस्टमागे एकच माणूस असतो. त्याच्याकडे एक मोबाइल, एक दुचाकी आणि गावोगावच्या ओळखी असतात. दोन-चार व्यवहार जमले की त्याच्यापुढे पहिला मोठा प्रश्न उभा राहतो: आता गाळा भाड्याने घेऊन बोर्ड लावायचा का? घाई केली तर साठवलेले पैसे डिपॉझिट आणि भाड्यात जातात. फारच टाळलं तर ‘याचा काही ठावठिकाणा नाही’ म्हणून ग्राहक बिचकतो.

थोडक्यात उत्तर

कायद्याला व्यवसायाचा पत्ता लागतो. तो पत्ता बाजारपेठेतल्या गाळ्याचाच असावा, अशी अट नाही. घरचा पत्ता किंवा दुसऱ्याच्या ऑफिसातली जागाही चालू शकते. मात्र त्या पत्त्याचा पुरावा हवा आणि कागदपत्रं तिथे सापडायला हवीत. गाळा घ्यायचा की नाही हे प्रतिष्ठेवर नाही, वर्षाला किती व्यवहार पूर्ण होतात यावर ठरवावं.

रेरा कायदा काय सांगतो?

रिअल इस्टेट (नियमन व विकास) कायदा २०१६ चा आहे. महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ मध्ये सुरू झालं. या कायद्याच्या कलम ९ नुसार, रेरात नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. साधारणपणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागते. एनए ले-आउट पाडून प्लॉट विकणंही यात येतं.

फक्त शेतजमीन किंवा जुन्या घरांची फेरविक्री करणारा मध्यस्थ कलम ९ च्या शब्दांनुसार या सक्तीत येत नाही. पण धाराशिव, तुळजापूर किंवा उमरगा शहरालगतच्या नव्या ले-आउटमधला एक प्लॉट जरी त्याने विकून दिला, तरी हा नियम लागू होऊ शकतो. नोंदणी नसताना असं काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. हा दंड मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क १० हजार रुपये आहे, तर भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी ते १ लाख रुपये आहे. नोंदणी पाच वर्षं चालते. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली. जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नोंदणी किंवा नूतनीकरण होत नाही.

ऑफिसच्या प्रश्नाशी यातल्या तीन गोष्टींचा थेट संबंध येतो.

१. अर्जासोबत व्यवसायाच्या जागेच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो.
२. नोंदणी क्रमांक व्यवसायाच्या मुख्य जागी ठळकपणे लावावा लागतो. जाहिरातीत आणि कागदपत्रांतही तो द्यावा लागतो. व्हॉट्सअॅप पोस्ट किंवा रील हीसुद्धा जाहिरातच.
३. हिशेबाच्या वह्या आणि व्यवहाराची कागदपत्रं जपून ठेवावी लागतात.

म्हणजे भिंत, कपाट आणि पत्ता हवा. शटर नसलं तरी चालतं.

बाकीच्या नोंदणींचं काय?

जीएसटी: सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. नोंदणी घेतली तर व्यवसायाची मुख्य जागा दाखवावी लागते. ती घरी असू शकते. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडतात. नोंदणी प्रमाणपत्र त्या जागी लावावं लागतं आणि नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहावा लागतो. जागा बदलली तर १५ दिवसांत पोर्टलवर कळवावं लागतं. त्यामुळे दर वर्षी गाळा बदलणाऱ्याच्या मागे कागदांचं काम वाढत जातं.

दुकाने व आस्थापना: महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. यालाच लोक अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात.

व्यवसाय कर: स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ऑफिस असो वा नसो, हा कर टळत नाही.

धाराशिव जिल्ह्यात काम नेमकं कुठे होतं?

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यातली जेमतेम १७ टक्के शहरी. पश्चिमेला परंडा, आग्नेयेला उमरगा, अशी कामाची जागा पसरलेली. उमरगा आणि नळदुर्ग पुणे-हैदराबाद महामार्गावर, तर तुळजापूर आणि धाराशिव सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गामुळेही त्या पट्ट्यातल्या जमिनींची चौकशी होते.

अशा ठिकाणी एजंटाचा दिवस ऑफिसात जात नाही. सकाळी जागा दाखवायची, दुपारी तलाठी कार्यालय, कधी मोजणीसाठी भूमी अभिलेख, शेवटी दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला, गावाकडे प्लॉट बघणारा ग्राहक तर आधी मोबाइलवर व्हिडिओ मागतो आणि सुट्टीला किंवा दसरा-दिवाळीला आला की थेट जागेवर जातो.

त्याला ऑफिसपेक्षा कागद जास्त महत्त्वाचे असतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या सातबाऱ्यावर इनाम, कूळ, भोगवटादार वर्ग २ अशा नोंदी आढळतात. अशी जमीन परवानगी किंवा नजराण्याशिवाय विकता येत नाही, असं अनेकदा खरेदीच्या तोंडावर कळतं आणि इसार अडकतो. सातबारा, जुने फेरफार, तुकडेबंदीचा प्रश्न आणि एनए आदेश आधीच तपासून फाइल तयार ठेवणारा एजंट घरून काम करत असला तरी ग्राहक टिकवतो.

मग ऑफिस कधी उपयोगी पडतं?

खरेदीदार, विकणारे चार भाऊ, त्यांचे साक्षीदार आणि वकील यांना एका टेबलावर बसवायचं असेल तेव्हा जागा लागते. चहाच्या टपरीवर भावाची बोलणी होतात, पण इसार पावतीचा मसुदा वाचला जात नाही. बिल्डरच्या प्रकल्पाचं काम घेतलं, हाताखाली माणसं ठेवली किंवा भाड्याच्या खोल्या आणि दुकानांचं काम वाढलं, तरी ऑफिसचा फायदा होतो. भाड्याची खोली शोधणारा माणूस रस्त्यावरचा बोर्ड पाहून आत येतो. शेतजमीन घेणारा बहुधा ओळखीतून येतो.

खर्चाचं गणित

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर टाकून पाहावेत. समजा, सरासरी व्यवहार १० लाखांचा आणि मिळणारी दलाली १ टक्का, म्हणजे एका व्यवहाराला १० हजार रुपये.

• घरून काम: फोन, इंटरनेट, छपाई मिळून महिना २ हजार, वर्षाला २४ हजार. तीन व्यवहारांत खर्च निघतो.
• गाळा, माणूस न ठेवता: भाडं, वीज, इंटरनेट, चहापाणी मिळून महिना ९ हजार, वर्षाला १ लाख ८ हजार. ११ व्यवहार लागतात.
• गाळा आणि एक पगारी मुलगा: महिना १७ हजार, वर्षाला २ लाख ४ हजार. २१ व्यवहार लागतात.

हे व्यवहार फक्त ऑफिसचा खर्च भागवण्यासाठी आहेत. पेट्रोल आणि घरखर्च वेगळा. शिवाय दलाली खरेदीखतानंतर मिळते, भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. जमिनीचा व्यवहार मोजणी किंवा वारसाच्या सहीसाठी महिनोन्महिने रखडू शकतो. म्हणून किमान सहा महिन्यांचं भाडं हातात असल्याशिवाय गाळा घेणं धोक्याचं.

मधला मार्ग

दुय्यम निबंधक कार्यालयाजवळच्या वकिलाच्या, दस्तलेखकाच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात एक टेबल घेता येतं. ग्राहकाला तिथे बोलावता येतं आणि कागदांची कामंही जवळ होतात. मात्र तो पत्ता नोंदणीसाठी वापरायचा असेल तर जागामालकाचं लेखी संमतिपत्र किंवा करार हवा. लिव्ह अँड लायसन्सवर जागा घेतली तर महाराष्ट्रात तो करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ११ महिन्यांचा असला तरीही.

घरचा पत्ता देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. व्यवहार फिसकटला तर चिडलेला माणूस त्याच दारात येतो, याची घरच्यांना कल्पना हवी. आणि सोसायटीत राहत असल्यास व्यवसायाला हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्यावं.

ग्राहकाने ऑफिस पाहून विश्वास ठेवावा का?

काचेचं केबिन आणि मोठा बोर्ड हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही. गाळा महिन्याभरात रिकामाही होतो. नव्या प्रकल्पातला प्लॉट असेल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा रेरा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासावा. डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढावा. इसाराची रक्कम एजंटाच्या नव्हे, मालकाच्या खात्यात द्यावी. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

निर्णय घेण्याआधी चार प्रश्न

१. गेल्या १२ महिन्यांत किती व्यवहार पूर्ण झाले? बोलणी नव्हे, खरेदीखतं मोजावीत.
२. त्यातले किती ग्राहक ऑफिस नसल्यामुळे गेले असते किंवा गेले?
३. काम कोणतं जास्त आहे: शेतजमीन आणि प्लॉट, की भाड्याची घरं आणि दुकानं?
४. सहा महिने एकही दलाली आली नाही तर भाडं कुठून देणार?

चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तूर्त घरचा पत्ता, रेरा क्रमांक लिहिलेली पाटी आणि नीट लावलेल्या फायलींचं एक कपाट पुरेसं आहे.